रात्रीचा संथ चार्ज: नेक्सॉन ईव्ही मॅक्ससोबत तीन वर्षांचा लांबचा प्रवास

टाटांची नेक्सॉन ईव्ही मॅक्स २०२२ च्या मे महिन्यात बाजारात आली आणि त्याच वर्षीच्या दसऱ्याला आम्ही ती घरी आणली. आज तिच्या मीटरवर ५८,००० किलोमीटर झाले आहेत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक अंतर पुण्याबाहेरचे आहे, कारण आमचे मूळ घर गुहागर तालुक्यात आहे, ताई नागपूरला असते आणि आईला दर दोन-तीन महिन्यांनी या दोहोंपैकी एकीकडे जायचे असते. गाडी दिसते कशी, आतला पडदा केवढा आहे, सीट कशा आहेत, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी येथे एवढेच लिहिणार आहे की लांबच्या प्रवासात ही गाडी चार्ज कशी करावी, तिची बॅटरी कशी सांभाळावी आणि तशी सांभाळल्यावर तीन वर्षांनी तिची अवस्था काय आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. या गाडीने लांबचा प्रवास उत्तम होतो. परंतु तो सुखाचा होणार की धास्तीचा, हे महामार्गावर फास्ट चार्जर किती आहेत यापेक्षा आदल्या रात्री गाडी कुठे आणि कशी चार्जला लावली होती यावर ठरते. नवीन गाडी घेणारी माणसे फास्ट चार्जरच्या नकाशावर तासन्‌तास घालवतात आणि गाडीसोबत आलेली साध्या पॉइंटवर लावायची केबल डिकीच्या तळाशी तशीच गुंडाळलेली राहते. मीही पहिले सहा महिने हेच करत होतो. आज त्या केबलशिवाय मी पुण्याबाहेर पडत नाही.

ज्यांना या गाडीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॅटरी ४०.५ किलोवॅट-तासांची आहे आणि कंपनीने तेव्हा दिलेली, एआरएआय या वाहनचाचणी संस्थेची रेंज ४३७ किलोमीटर होती. चाचणीतला हा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत अंतर असणारच. माझ्या अनुभवात एसी चालू ठेवून, चार माणसे आणि सामान घेऊन, ताशी ८० च्या आसपास चालवल्यास पूर्ण बॅटरीत ३०० किलोमीटर, १०० ने चालवल्यास २४५ आणि १२० ने चालवल्यास १९० किलोमीटर धरावेत. घरच्या चार्जिंगसाठी ३.३ आणि ७.२ किलोवॅट असे दोन पर्याय होते, आम्ही ३.३ चा घेतला. ५० किलोवॅटच्या फास्ट चार्जरवर शून्यापासून ८० टक्क्यांपर्यंत ५६ मिनिटे लागतात, असे कंपनी सांगते. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तितकी आहे.

बॅटरीचे रसायन मात्र नीट समजून घ्यावे, कारण सगळ्या सवयी त्यावर अवलंबून आहेत. या गाडीत लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे बोलीभाषेत एलएफपी, प्रकारचे सेल आहेत. ‘कधीही ८० टक्क्यांपुढे चार्ज करू नये’ हा सरसकट दिला जाणारा सल्ला मुख्यतः निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असलेल्या एनएमसी सेलसाठी आहे. एलएफपीचे व्होल्टेज २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट राहते. त्यामुळे बॅटरीत नेमके किती शिल्लक आहे याचा अंदाज गाडीच्या यंत्रणेला केवळ व्होल्टेजवरून बांधता येत नाही, आणि बरेच दिवस ती पूर्ण भरली नाही तर पडद्यावरची टक्केवारी हळूहळू खोटी होऊ लागते. शहरात मी रोज ३० ते ८० च्या दरम्यान राहतो. पण आठवड्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री तर हमखास, संथ गतीने १०० टक्के करतो. शंभराचा आकडा दिसल्यावरही लगेच प्लग काढत नाही. सगळे सेल एका पातळीवर येण्याचे काम त्या शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात चाललेले असते आणि ते होऊ द्यावे लागते. उद्या सकाळी पाटणजवळ पोहोचल्यावर पडद्यावर ३५ टक्के दिसले, तर ते खरोखरच ३५ असावेत यासाठी ही खबरदारी आहे.

आता त्या केबलकडे येतो. ३.३ किलोवॅटचा हा चार्जर साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर चालतो आणि तासाला सुमारे ७ टक्के भर घालतो. ऐकायला हे फारच कमी वाटते. परंतु रात्री आठ वाजता लावलेली गाडी सकाळी सहापर्यंत ७० टक्क्यांनी भरते, आणि त्या वेळात आपण जेवलेलो, गप्पा मारलेल्या आणि झोपलेलो असतो. बॅटरीच्या दृष्टीनेही याहून सौम्य काही नाही. ४०.५ च्या बॅटरीत ३.३ ने वीज शिरते तेव्हा सेल कोमटसुद्धा होत नाहीत. ५० किलोवॅटने शिरते तेव्हा मात्र ते चांगलेच तापतात. मुक्काम जिथे करायचा तिथे असा एक विश्वासाचा पॉइंट आहे की नाही, हे मी आता खोलीला एसी आहे का याच्या आधी विचारतो.

‘विश्वासाचा’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे, आणि तो मला आमच्या गावच्या घराने शिकवला. पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो तेव्हा मे महिना होता. ओटीवरचा पॉइंट चांगला तीन पिनांचा, मोठा, दादाने दोन वर्षांपूर्वीच बसवून घेतलेला. केबल लावली तर चार्जरच्या डबीवर लाल दिवा लागला आणि गाडी काही केल्या वीज घेईना. दादा म्हणाला, ‘‘अरे, याच पॉइंटवर मिक्सर चालतो, पाण्याचा पंप चालतो, मग तुझ्या गाडीलाच काय झालं?’’ पंपाला आणि मिक्सरला अर्थिंग नसले तरी ते फिरतात. ही गाडी मात्र चार्जिंग सुरू करण्याआधी अर्थिंग तपासते आणि ते नसेल तर साफ नकार देते. गावातल्या वायरमनना बोलावले. त्यांनी मीटर लावून पाहिले: फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २२४ व्होल्ट, पण फेज आणि अर्थ यांच्यामध्ये कधी ९०, कधी ११०, आकडा स्थिर म्हणून राहीना. बोर्ड उघडल्यावर कळले की हिरवी वायर पिनेला जोडलेली होती, पण तिचे दुसरे टोक भिंतीत नुसतेच खुपसून ठेवले होते. ‘‘पिन आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं हो, भाऊ,’’ ते म्हणाले आणि त्यांनी मागल्या दारी जागा शोधायला सुरुवात केली.

जागा त्यांनी निवडली ती न्हाणीघराचे पाणी जिथे केळींच्या बुंध्यांशी जाते तिथली, कारण कोकणातला कातळ आणि जांभा मे महिन्यात इतका कोरडा पडतो की नुसती सळई ठोकून भागत नाही. आजूबाजूची माती बारा महिने ओलसर राहायला हवी. पाच-सहा फूट खड्डा, त्यात गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा पाइप, भोवती कोळसा आणि खडे मीठ यांचे थर, आणि वर पाणी घालायला तोंड. तिथून बोर्डापर्यंत नवी वायर ओढली. संध्याकाळी पुन्हा मोजले तेव्हा फेज आणि अर्थ यांच्यामध्ये २२१ व्होल्ट आले, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये जेमतेम ३. केबल लावली आणि हिरवा दिवा लागला. वहिनींच्या फ्रिजच्या दाराला हात लावल्यावर येणाऱ्या मुंग्या त्या दिवसापासून बंद झाल्या, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. गाडी नसती तर त्या घराचे अर्थिंग गेले आहे हे एखाद्या पावसाळ्यात फार वाईट रीतीने कळले असते.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. अर्थिंग नसलेल्या ठिकाणी गाडीला फसवण्यासाठी न्यूट्रल आणि अर्थ या दोन पिना आतून जोडलेला अडॅप्टर वापरणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि तो चारचौघांत मोठ्या अभिमानाने दाखवलाही जातो. असे कधीही करू नये. वाटेत कुठे न्यूट्रल तुटली, किंवा पॉइंटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असले, तर गाडीच्या संपूर्ण पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. ओल्या अंगणात अनवाणी उभे राहून दार उघडणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतणारा हा प्रकार आहे. चार्जर नाही म्हणतो तेव्हा तो आपले रक्षण करत असतो. अशा वेळी अर्थिंग दुरुस्त करून घ्यावे, नाहीतर दुसरीकडे जावे.

दुसरी खबरदारी प्लगच्या उष्णतेची. सुमारे १४ अँपिअरचा प्रवाह दहा-दहा तास सलग वाहणे ही घरगुती वायरिंगच्या सवयीची गोष्ट नव्हे. गिझरसुद्धा पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. म्हणून अनोळखी ठिकाणी गाडी लावल्यावर मी अर्ध्या तासाने परत जाऊन प्लगला हात लावतो. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, किंवा बोर्डाजवळ जळक्या बॅकेलाइटचा तो तिखट, माशासारखा वास येत असेल, तर ताबडतोब बंद करतो, मग सकाळी बॅटरी कितीही कमी राहिली तरी चालेल. बाजारात मिळणारे स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड तर या कामासाठी पूर्णपणे वर्ज्य मानावेत. लांबी वाढवायचीच असेल, तर तीन कोअरची जाड, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि दोन्ही टोकांना औद्योगिक प्रतीचे प्लग-सॉकेट असे करून घ्यावे आणि वापरताना ती पूर्ण उलगडून ठेवावी, कारण वेटोळे घातलेली केबल आतून तापते. माझी अशी दहा मीटरची केबल आहे आणि लॉजच्या पार्किंगमध्ये ती अनेकदा कामाला आली आहे.

लॉजवर परवानगी मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही, पण आडपडदाही ठेवू नये. जालन्याजवळ एका साध्या लॉजवर व्यवस्थापकांनी विचारले, ‘‘सर, रात्रभर लावली तर आमचं मीटर किती फिरेल?’’ मी सांगितले की तीस युनिटच्या आसपास, आणि व्यापारी दराने होतील तेवढे पैसे वर देईन. त्यांनी स्वतःहून जनरेटरच्या खोलीशेजारचा, स्वतंत्र एमसीबी असलेला पॉइंट दिला. न विचारता कॉरिडॉरच्या बोर्डात प्लग लावून झोपी जाणारा एक पाहुणा पुढच्या दहा जणांचा पॉइंट बंद करून जातो, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

दिवसाच्या फास्ट चार्जिंगकडे वळू. येथे पेट्रोलची सवय सर्वांत जास्त आड येते. पेट्रोलची टाकी आपण काट्याने तळ गाठला की भरतो आणि भरतो ती काठोकाठ. बॅटरीचे तसे नाही. पोत्यात धान्य भरताना निम्मे पोते घमेल्याने ओतून होते, पण तोंडाशी आल्यावर हलवून, दाबून, मूठमूठ घालावे लागते, तसा हा प्रकार आहे. माझ्या वहीतील नोंदींप्रमाणे ५० किलोवॅटच्या चार्जरवर २० ते ८० टक्क्यांना ४० ते ४५ मिनिटे लागतात, आणि उरलेल्या २० टक्क्यांना जवळजवळ तितकाच वेळ लागतो. ८० टक्क्यांनंतर गन, म्हणजे फास्ट चार्जरच्या केबलचे गाडीत लावायचे टोक, लावून बसणे म्हणजे स्वतःचा आणि मागे उभ्या असलेल्याचा वेळ घालवणे आहे. त्यापेक्षा ७५-८० वर निघावे आणि पुढे एक छोटा थांबा घ्यावा. खाली मी १५ टक्क्यांपर्यंत जातो. त्याखाली जाण्याने एखाद्या वेळी बॅटरीचे काही बिघडत नाही, पण आपल्या हातातील पर्याय संपतात.

पर्याय संपणे म्हणजे काय, ते मला २०२३ च्या उन्हाळ्यात कळले. एका महामार्गावरील चार्जिंग स्टेशनवर, जे अॅपमध्ये ‘उपलब्ध’ दिसत होते, मी ९ टक्के घेऊन पोहोचलो. मशीनचा पडदा काळा होता. शेजारच्या धाब्यावरच्या मुलाने सांगितले की सकाळपासून त्या बाजूची लाइट गेली आहे. कंपनीच्या मदत क्रमांकावर ‘तक्रार नोंदवली आहे’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. शेवटी त्याच धाब्याच्या मालकांनी इन्व्हर्टरवर नसलेल्या दुसऱ्या फेजवरचा पॉइंट दिला आणि आम्ही तिथे साडेतीन तास बसलो, तेव्हा कुठे पुढच्या गावापर्यंत जाण्याइतकी वीज मिळाली. आई तेव्हा पंच्याहत्तर वर्षांची होती. त्या दिवसापासून मी दोन नियम केले आणि ते मोडलेले नाहीत. पहिला असा की ज्या स्टेशनवर जायचे त्याच्या पुढे ३० किलोमीटरच्या आत दुसरे स्टेशन असेल आणि तिथपर्यंत जाण्याइतकी बॅटरी असेल, तरच पहिल्यावर विसंबायचे. दुसरा असा की चार्जिंग कंपनीच्या अॅपमधील हिरव्या खुणेपेक्षा प्लगशेअर या चालकांनीच नोंदी लिहिण्याच्या अॅपवर काल किंवा आज कुणी तिथे यशस्वीपणे चार्ज केल्याची नोंद आहे का, ते पाहायचे. माणसाने स्वतः जाऊन लिहिलेली नोंद अधिक खरी असते.

स्टेशनवर पोहोचल्यावर आणखी एक गोष्ट पाहावी. ‘६० किलोवॅट, दोन गन’ असे लिहिलेल्या बऱ्याच मशीनवर दोन्ही गन वापरात आल्या की प्रत्येकीला ३० मिळतात. दुसऱ्या गनवरची गाडी ९० टक्क्यांवर असेल तर दहा मिनिटे थांबून, चहा घेऊन मग आपली लावणे शहाणपणाचे ठरते. पैसे आधी भरायच्या वॉलेटमध्ये प्रत्येक कंपनीसाठी चार-पाचशे रुपये घरूनच भरून ठेवावेत. घाटाच्या पायथ्याशी मोबाइलला रेंज नसते आणि तिथे ओटीपीची वाट पाहण्यात अर्धा तास सहज जातो. मी आजवर युनिटला साधारण १८ ते २५ रुपये दिले आहेत. ते घरच्या दराच्या कितीतरी पट आहेत, आणि रात्रीचा संथ चार्ज अधिक आवडण्याचे तेही एक कारण आहे.

समृद्धी महामार्गाने मला वेगाचा हिशेब शिकवला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून तिथे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ झाला. मोटारींसाठी वेगमर्यादा १२० आहे आणि रस्ता सरळ, मोकळा असल्यामुळे पाय आपोआप दबतो. छत्रपती संभाजीनगर ते नागपूर हे अंतर सुमारे ४५० किलोमीटर. १२० ने गेल्यास गाडी चालवण्याचा वेळ पावणेचार तास, पण वीज लागते ९६ किलोवॅट-तास. १०० ने गेल्यास चालवण्याचा वेळ साडेचार तास, आणि वीज लागते ७४. निघताना बॅटरी पूर्ण भरलेली असेल आणि १० टक्क्यांच्या खाली जायचे नसेल, तर पहिल्या प्रकारात वाटेत पावणेदोन तासांचे चार्जिंग तीन थांब्यांत विभागून करावे लागते, आणि दुसऱ्या प्रकारात एका तासाचे दोन थांब्यांत. प्रत्येक थांब्यासाठी इंटरचेंजवरून उतरणे आणि पुन्हा चढणे यात निदान दहा मिनिटे जातात. ती धरली की दोन्ही प्रकारे आपण नागपूरला पोहोचतो ते पावणेसहा-सहा तासांतच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० पेक्षा १२० ला तो सव्वादोन पट होतो. तो विरोध कापण्यात गेलेली वीज आपण फास्ट चार्जरपाशी उभे राहून पुन्हा विकत घेत असतो. शिवाय एक थांबा वाचला म्हणजे बॅटरी एकदा कमी तापली.

तापणे हा मुद्दा विदर्भात फार महत्त्वाचा आहे. पारा ४५ वर असताना दोन तास वेगाने चालवलेली गाडी सरळ फास्ट चार्जरला लावली की आतली यंत्रणा बॅटरी वाचवण्यासाठी प्रवाह कमी करते, आणि ५० च्या मशीनवर २५ किलोवॅटच मिळत राहतात. अशा वेळी मी स्टेशनच्या आधीचे दहा-पंधरा किलोमीटर ८० ने चालवतो. मे महिन्यात तर पहाटे चारला निघतो आणि दुपारी बारा ते चार हा वेळ जेवण आणि सावली यांसाठी ठेवतो. पूर्ण भरलेली बॅटरी कडक उन्हात दिवसभर उभी ठेवणे हे मला माहीत असलेले तिच्या आयुष्याचे सर्वांत मोठे नुकसान आहे. फास्ट चार्जिंगपेक्षाही मोठे. ताईकडे आठवडाभर राहायचे असते तेव्हा गाडी कडुलिंबाखाली ५०-६० टक्क्यांवर उभी करतो आणि परतीच्या आदल्या रात्री १०० करतो. पंधरा दिवसांहून अधिक उभी राहणार असेल तर १२ व्होल्टच्या लहान बॅटरीकडेही लक्ष द्यावे. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

कोकणच्या वाटेवर मात्र ही गाडी चालवणे हा निव्वळ आनंद आहे. पुण्याहून १०० टक्क्यांवर निघायचे, सातारा-कराड पट्ट्यात न्याहारीच्या वेळी वीस-पंचवीस मिनिटे चार्ज करायचे आणि उंब्रजवरून आत वळून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट असे चिपळूणला उतरायचे. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. चार माणसे आणि सामान धरून साडेअठराशे किलोंची गाडी एवढी उंची उतरते तेव्हा सुमारे ३ किलोवॅट-तास ऊर्जा मोकळी होते. पेट्रोलच्या गाडीत ती सगळी ब्रेकच्या चकत्यांत जळते. येथे रीजनरेशनच्या, म्हणजे गाडी मंदावताना मोटरनेच वीज बनवून बॅटरीत परत घालण्याच्या, चार पातळ्या आहेत. तिसऱ्या पातळीवर ठेवल्यास वळणावळणांवर ब्रेकला पाय क्वचितच लावावा लागतो आणि त्यातला चांगला हिस्सा बॅटरीत परत येतो. मागच्या गणपतीत माथ्यावर ४१ टक्के होते आणि पायथ्याला पोफळीला पोहोचल्यावर ४३. आई दर वेळी तो आकडा वाढताना पाहते आणि मोठ्याने वाचते.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. रीजनरेशन जवळजवळ बंद पडते आणि गाडी उतारावर अनपेक्षितपणे मोकळी सुटल्यासारखी वाटते. महाबळेश्वरला मुक्कामी १०० टक्के करून सकाळी पसरणीचा घाट उतरणाऱ्यांना हा अनुभव येतो. डोंगरमाथ्यावर मुक्काम असेल तर ९० वरच थांबावे. उलट गुहागरहून परतताना घाट चढायला सपाटीवरच्या वीस-पंचवीस किलोमीटरइतकी जास्तीची वीज लागते, तेवढी आधीच हिशेबात धरावी.

हे सगळे सांभाळून बॅटरी खरोखर टिकते का, हे पाहण्यासाठी मी घरच्या चार्जिंग पॉइंटला पहिल्या दिवसापासून वेगळे मीटर बसवले आहे आणि वर्षातून दोनदा १० ते १०० टक्के संथ चार्जला किती युनिट लागले ते वहीत लिहितो. पहिल्या महिन्यात ४१ लागले होते. गेल्या महिन्यात ३९. चार्जिंगमधली घट दोन्ही वेळी सारखीच धरली तर तीन वर्षांत आणि ५८,००० किलोमीटरांत क्षमता सुमारे ५ टक्क्यांनी कमी झाली आहे. या काळात मी फास्ट चार्जर शंभराहून अधिक वेळा वापरला आहे, तेव्हा फास्ट चार्जिंगने बॅटरी मरते ही भीती निदान या गाडीच्या बाबतीत मला खरी वाटत नाही.

ही मोजणी जुनी गाडी घेणाऱ्यांना विशेष उपयोगाची आहे, कारण मॅक्स आता नवीन मिळत नाही आणि बाजारात वापरलेल्या गाड्या येऊ लागल्या आहेत. विकणाऱ्याला आदल्या दिवशी गाडी १० टक्क्यांपर्यंत उतरवून ठेवायला सांगावे, मीटर असलेल्या संथ चार्जरवर रात्रभर लावावी आणि सकाळी १०० झाल्यावर युनिट मोजावेत. ३८ ते ४१ आले तर निश्चिंतपणे पुढची बोलणी करावीत. ३५ च्या खाली आले तर किंमत ठरवण्याआधी कंपनीच्या वर्कशॉपमधून बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल मागावा आणि वॉरंटीची किती वर्षे उरली आहेत ते कागदावर पाहावे. आणि गाडीबरोबर ती १५ अँपिअरची केबल मिळते आहे ना, हे विचारायला विसरू नये.